मुके भोपळे

चांगल्या भोपळ्याच्या पोटावर टिचकी मारली की तो लगेच उत्तर देत नाही. क्षणभर विचार करतो.

हळदीच्या जुन्या गोदामात सुतारकाम केलं की रुमाल पिवळा होतो. शिंक आली तर भिंतही.

पुण्याच्या शोरूममधलं स्वयंपाकघर. ओटा लाकडासारखा दिसतो, दारं दगडासारखी दिसतात, आणि हात लावला की दोन्ही प्लास्टिक.

कानाच्या डॉक्टरांनी स्वतःच्या लग्नात सनईवाल्याला थांबवून सांगितलं होतं, पट्टी बदला.

बाभळीची खुर्ची. बसायला एक माणूस, उचलायला दोन.

या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, असं त्या शुक्रवारी दुपारपर्यंत मला वाटलं नव्हतं.

"ताई, दिवा कण्हतोय," माझ्या हाताखालचा सुतार गुंडाप्पा शिडीवरून म्हणाला.

"कण्हतोय म्हणजे?"

"म्हणजे म्हातारं माणूस खुर्चीतनं उठताना करतंय तसं."

"तुझी शिडी वाजत असेल."

गुंडाप्पा खाली उतरला. शिडी बाजूला नेऊन भिंतीला लावली. दोघं श्वास धरून उभे राहिलो. दिवा कण्हतच होता. मग लक्षात आलं, एक नाही, सातही.

जागा सांगते. मिरजेत डॉक्टर विद्युल्लता शेडबाळे यांचा कान-नाक-घशाचा दवाखाना होता. त्यावर बाईंनी एक मजला चढवला. औषधांची खोकी ठेवायला जागा पुरत नाही, असं नवऱ्याला सांगितलं आणि गाण्याची खोली बांधली. खोलीतली बाकं, बाभळीची खुर्ची, गाणाऱ्याचा चौरंग आणि छताचे सात दिवे हे सगळं मी, सुनेत्रा मगदूम हिनं, बनवलेलं. स्वतःच्या नावावर घेतलेलं पहिलं मोठं काम. शनिवारी संध्याकाळी तिथं पहिली मैफल होती आणि गाणार होत्या खुद्द डॉक्टर. साठी उलटल्यावर, चार लोकांसमोर, पहिल्यांदा.

त्याच शनिवारी दुपारपर्यंत मला फडणीस सरांना उत्तर द्यायचं होतं. सर म्हणजे पुण्यातले माझे जुने मालक, त्या प्लास्टिकच्या स्वयंपाकघरांचे. मी नोकरी सोडून सांगलीला आले तेव्हा ते म्हणाले होते, "हौस फिटली की ये." आता ते नवीन शाखा उघडत होते. माझी जागा आणखी रिकामी ठेवणार नव्हते. ही गोष्ट मी फक्त आईला सांगितली होती, त्यामुळे सांगली-मिरजेत बहुतेकांना माहीत होती.

"पूर्ण उजेड कर," मी गुंडाप्पाला म्हणाले.

त्यानं डिमरची कळ फिरवली. दिवे लख्ख झाले. शांतता.

"आता कमी कर."

दिवे मंद झाले आणि खोली पुन्हा भरली. मोठा आवाज नव्हे. मधमाश्यांचं पोळं तीन घरं पलीकडे असावं, एवढाच. पण मैफलीच्या खोलीत पोळं तीन घरं पलीकडे असूनही चालत नाही.

आम्ही दिवे लावून बघितले होते ते भर उजेडात. मंद करून बघायचं कुणाला सुचलं नाही.

*

हे दिवे कसे झाले?

माझी तेव्हाची रीत अशी की आधी कागदावर काही काढायचं नाही. माल आणायचा, माझ्या त्या हळदीच्या गोदामात मधोमध ठेवायचा आणि त्याच्या आजूबाजूला चहा प्यायचा. एक दिवस त्याचं काय व्हायचंय ते दिसतं. मग रंग द्यायचा नाही, सांधा झाकायचा नाही, आणि नक्षी तर नाहीच नाही. बाभूळ असेल तर बाभूळ दिसू दे. गुंडाप्पा म्हणायचा, "ताई, खुर्चीला एक काळा ठिपका तरी लावा, दृष्ट लागंल." मी म्हणायचे, ठिपका म्हणजे नक्षी.

आणि भोपळा? तो मिरजेत नजीरचाचांच्या अंगणात दिसला. नजीर सतारमेकर, घर सतारींचं आणि तंबोऱ्यांचं. आढ्याला भोपळे उलटे टांगलेले, वाळत. मी चार वेळा नुसती चहा प्यायला गेले. पाचव्या वेळी सांगितलं, "चाचा, मला सात भोपळे हवेत. दिवे करायचेत."

चाचांना नम्रपणा माहीत नव्हता. म्हणाले, "मिरजेत येऊन भोपळा मागतीस, ते पण माझ्याकडं. म्हणजे अक्कल हाय तुला."

मी समजावून सांगितलं. भोपळा तोंड वर करून टांगायचा. तोंडावर पातळ लाकडाचं गोल झाकण, झाकणाला मध्ये मोठं भोक. बल्ब आत. दिवा खाली बघणार नाही, वर बघेल. उजेड छतापर्यंत जाईल आणि मऊ होऊन परत येईल. भोपळा स्वतः काळोखात, भोपळ्यासारखा.

"कळलं," चाचा म्हणाले.

आणि ते कामाला लागले. एकेक भोपळा उतरवायचा, मांडीवर घ्यायचा, टिचकी मारायची, ऐकायचं. नापास झाला की अंगणाच्या दगडावर आपटून फोडायचा, त्याच दिवशी. ही त्या घराची रीत. खराब भोपळा न फोडता ठेवला तर कुणीतरी उचलतो, त्याला दांडी लावून बाजारात आणतो, आणि तो वाईट वाजला की नाव निघतं सतारमेकरांचं. त्या घरातून खराब भोपळा कधी अखंड बाहेर गेला नव्हता.

झाकणं गुंडाप्पा करणार होता. चाचांनी त्याच्या हातातून लाकूड काढून घेतलं. "तबली मीच घासणार. तू बाकं कर जा." तबली म्हणजे सतारीच्या भोपळ्यावर बसवतात ती पातळ फळी. चाचा दोन रंधे मारायचे, तबली कानाशी धरून बोटानं ठोकायचे, पुन्हा एक रंधा. मी शेजारी बसून बघत होते. अशी देखणी कामं बघितली की माझ्या डोळ्यांत पाणी येतं. दिव्याचं झाकण कुणी कानाशी धरतं का, हा प्रश्न मला पडलाच नाही.

डिमरनं बल्ब मंद केला की त्यातली तार बारीक थरथरते. साध्या टांगलेल्या बल्बात ते कुणाला ऐकू येत नाही. पण आमचा बल्ब चाचांनी घासलेल्या तबलीला धरून होता, आणि तबली चाचांनी निवडलेल्या भोपळ्यावर बसली होती.

आम्ही छताला सात तंबोरे टांगले होते.

*

"कोण गुणगुणतंय?"

डॉक्टर जिन्यातून वर येत होत्या. कपाळावर तपासणीचा आरसा अजून तसाच. त्या दारात थांबल्या आणि मान तिरकी केली.

"सांगू नका. मला ओळखू दे." त्यांनी डोळे मिटले. "पांढरी पाच? नाही. काळी चारही नाही. दोघींच्या मधे आहे. कुठल्या मेल्याचा आवाज आहे हा?"

"दिव्यांचा आहे, मॅडम."

डॉक्टरांनी डोळे उघडले. "सुनेत्रा, मी काळी चारमध्ये गाते."

"हो."

"म्हणजे हा माझ्या षड्जाच्या अगदी शेजारी उभा राहून, कोपर मारत, बेसूर गाणार. उद्या. माझ्या गुरुजींसमोर."

गुंडाप्पानं सुचवलं, आत कापूस भरू. एका भोपळ्यात भरलाही. जरा वेळानं जळका वास आला आणि डॉक्टर ओरडल्या, "खाली पेशंट आहेत माझे!" कापूस निघाला.

मी म्हटलं, "डिमर काढून टाकू. पूर्ण उजेडात गा."

"अजिबात नाही."

"का?"

डॉक्टर खुर्ची ओढायला गेल्या, ती हलली नाही म्हणून तिच्यात तशाच बसल्या. "कारण मी गाताना तोंडं करते. भयंकर करते. आमचे हे म्हणतात, दाढ काढताना पेशंट करतो तशी. मला भर उजेडात गाता येणार नाही. म्हणून तर एवढा खटाटोप."

"मग लहान बल्ब लावतो की," गुंडाप्पा म्हणाला. "झीरोचे."

"झीरोचा बल्ब लावून मी काय न्हाणीघरात गाणार आहे? लोक येऊन बसेपर्यंत लख्ख हवं आणि मी आलाप घेतला की हळूहळू मंद. तसं ठरलंय आपलं." त्या माझ्याकडे वळल्या. आवाज खाली आला. "हे बघ, मला तुझे दिवे आवडलेत. पण उद्या सकाळपर्यंत ते गप्प झाले नाहीत तर उतरवावे लागतील. कोपऱ्यावरच्या मंडपवाल्याच्या समया आणेन मी."

समया. मी छताकडे बघत राहिले. पहिलं काम उद्घाटनाआधी उतरवलं, ही बातमी मिरजेहून सांगलीला पोचायला आईचीसुद्धा गरज नव्हती. त्यानंतर मला एक स्टूलही कुणी करायला दिलं नसतं.

"चाचांना बोलावते," मी म्हणाले.

*

चाचा आले, टोपी सरळ केली, आणि आम्ही काही बोलायच्या आत डिमर मंद केला. सात भोपळे गायला लागले. चाचांचा चेहरा उजळला.

"व्वा! सातही एका सुरात! डॉक्टरीणबाई, ऐका ऐका. एक तरी इकडंतिकडं हाय का? सांगा."

"नजीरभाई, तेच तर रडणं आहे."

"रडणं कसलं? हे वाजवायला माणूसच लागंना बघा!"

डॉक्टर हसू आवरत होत्या, आणि मला हसूही येत नव्हतं. "चाचा, हे दिवे आहेत. दिव्यानं गप्प बसायचं असतं."

"मग मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं की."

"तोंडानं सांगितलंस. हातात घेतला की भोपळा भोपळाच असतोय. मी काय करू? चांगला भोपळा मागितलास, चांगला दिला."

"मग आता वाईट द्या."

बोलून गेले. गुंडाप्पानं जीभ चावली. चाचांनी टोपी काढली, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा घातली.

"वाईट भोपळा माझ्या घरात नसतोय. फोडतो मी. बघितलंयस तू."

"मग यांनाच मुकं करता येईल का?"

"येतंय. कुणालाबी येतंय. भोकं पाड, मरतंय त्याचं बोलणं. हाय गिरमिट? हाण भोकं, जत्रेतल्या दिव्याला असतात तशी. चांदण्या काढ, मोर काढ."

त्यांना माझी दुखरी जागा बरोबर माहीत होती. भोकं पाडलेले, मणी लावलेले ते भोपळ्यांचे दिवे बघून मी किती नाक मुरडलं होतं, ते मीच त्यांच्या अंगणात बसून सांगितलं होतं.

"काढते," मी म्हणाले. "आण रे गिरमिट."

गुंडाप्पानं पेटीतून गिरमिट काढलं. मी शिडी चढले, पहिला दिवा सोडवून खाली आणला, मांडीवर घेतला. टोक लावलं. कुठं लावावं ते कळेना. भोपळ्याला पुढं नसतं, मागं नसतं. माझा हात तिथंच राहिला.

"काय झालं?" चाचा म्हणाले.

"कुठं पाडू?"

"मला काय विचारतीस? मी काय कधी भोपळा मारलाय?"

डॉक्टर हळूच म्हणाल्या, "जाऊ दे नजीरभाई. समया आणू. पोरगी पुण्याला जाईल, चांगली नोकरी आहे. उद्या दुपारपर्यंत सांगायचंय तिला. स्वयंपाकघरं विकेल. काही वाईट नाही त्यात."

"कसली स्वयंपाकघरं?"

"तयार असतात. प्लास्टिकची. लाकडासारखी दिसणारी."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "खरं?"

मी भोपळ्याकडे बघत होते.

"लाकडासारखी दिसणारी," चाचा पुन्हा म्हणाले, तोंडात खडा आल्यासारखे. "म्हणजे ठोकलं तर?"

"ठोकलं तर काहीच नाही, चाचा. डबा वाजल्यासारखं."

चाचा जमिनीवर बसले. माझ्या मांडीवरचा भोपळा ओढून घेतला. "दे हिकडं. तुझ्या हातानं तडकंल. मी बोलता केलाय, मीच गप्प करणार."

गुंडाप्पा म्हणाला, "चाचा, मशीन देऊ? लवकर होईल."

"मशीनला थांबायचं कधी ते कळत नाही. डॉक्टरीणबाई, तुम्ही सूर धरा. काळी चार."

"आत्ता? असं?"

"आम्ही डोळे मिटतो. करा काय तोंडं करायची ती."

डॉक्टरांनी सूर धरला. चाचा टिचकी मारायचे, तळहात फिरवायचे, एका जागी थांबायचे. तिथं गिरमिट. पुन्हा टिचकी. एखाद्या भोपळ्याला कमरेशी सात-आठ भोकं पडली आणि तो गप्प झाला. दुसरा हट्टी निघाला. त्याला मानेपाशी पाडली, बुडाशी पाडली, तबलीलाही पाडली, तरी त्याचं सुरूच. चाचा त्याला शिव्या देत होते आणि मधेच म्हणत होते, "काय आवाज हाय बेट्याचा." कुठल्याच दोन भोपळ्यांना सारख्या जागी भोकं नव्हती. चांदणी नाही, मोर नाही. बोलणं जिथं होतं तिथं भोक.

मला वाटतं ते मी आयुष्यात बघितलेलं सगळ्यात चांगलं सतार जुळवणं होतं, फक्त उलट्या दिशेनं.

शेवटचा दिवा टांगून झाला. गुंडाप्पानं कळ मंद केली. डॉक्टरांनी मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "काहीच नाही."

भिंतींवर, बाकांवर, गुंडाप्पाच्या शर्टावर उजेडाचे ठिपके सांडले होते. कुठं दाट, कुठं एखादाच.

"देवी आल्यासारखं दिसतंय," डॉक्टर म्हणाल्या. "पण चांगलं दिसतंय."

गुंडाप्पा म्हणाला, "ठिपके आले बघा ताई शेवटी."

चाचा मात्र वर बघत नव्हते. त्यांनी शिडी मागितली. एवढ्या वयाचा माणूस शिडीवर चढला आणि एकेका दिव्याच्या तोंडातून हात घालून आत पॉलिशपेपर घासू लागला. मला कळेना काय चाललंय. मग आठवलं. तबली बसवण्याआधी चाचा प्रत्येक भोपळ्याच्या आत सही करायचे.

"चाचा, राहू दे की नाव."

"मुक्यावर नाव नको."

सातही सह्या घासून ते उतरले, धूळ झटकली आणि दारात थांबले.

"आता कळव पुण्याला. सांग, चाचानं आपले भोपळे मारलेत, आता येत नाही म्हणावं. कळवणार न्हवं?"

"कळवते, चाचा."

*

मैफल झाली. डॉक्टरांनी तोंडं केली, आणि त्या तोंडांवर ठिपके पडल्यामुळे त्या ठरल्यापेक्षा भयंकर दिसल्या, पण सूर सोडला नाही. गुरुजी एकदा "हं" म्हणाले. डॉक्टरांना ते पुढं वर्षभर पुरलं. त्यांचे यजमान मध्यंतरात खोलीभर फिरून औषधांची खोकी कुठं ठेवायची ते बघत होते.

पहिल्या बाकावर चाचा, इस्त्रीच्या कुडत्यात. कुणीतरी त्यांना विचारलं, दिवे झकास आहेत, तुम्ही केलेत का? "छे. हिनं केलेत. माझा काही संबंध नाही," चाचा म्हणाले, आणि पुढच्या माणसानं विचारावं म्हणून मान वळवून बसले.

त्या खोलीतून मला दुसरं काम मिळालं, त्यातून तिसरं. आता कोल्हापुरात, बेळगावात, पुण्यातसुद्धा माझे दिवे लोक भोकांवरून लांबून ओळखतात. मुलाखत घ्यायला येतात ते विचारतात, ही रचना सुचली कशी. मी टिचकी मारून दाखवते. भोपळा बोलतो तिथं गिरमिट लावायचं, गप्प झाला की थांबायचं. ते मान डोलावतात आणि लिहून घेतात की निसर्गातून.

चाचा मला भोपळे देत राहिले. मुका मात्र त्यांनी पुन्हा एकही केला नाही. "ते पाप तू कर," म्हणायचे. आणि अंगणात नवीन माणूस आला की माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "ही मगदूमांची पोरगी. पुण्याला चालली होती. मी थांबवली." मी कपबशा पुढे करायचे. शेवटपर्यंत ते असंच सांगत होते.

फडणीस सरांना मी 'येत नाही' म्हणून फोन केला होता तो त्याच शुक्रवारी सकाळी, स्टँडसमोरच्या एसटीडी बूथमधून, गुंडाप्पा शिडीवर चढायच्या आधी.